बाबांची होडी मी दोनदा घालवली

माझ्या वडिलांची होडी मी दोनदा घालवली. पहिल्यांदा विकून आणि दुसऱ्यांदा फोटो काढताना.

पहिली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना अजून मान खाली जाते. बाबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. मी पतपेढीतला कारकून, मला होडी चालवता येत नाही (पोहताही येत नाही, पण ते थळच्या कोळीवाड्यात उघड बोलत नाही). बाबा दवाखान्यात असतानाच मी होडी विकून टाकली, त्यांना न विचारता. घेणाऱ्याने ती मधोमध कापली आणि काशीदच्या रिसॉर्टमध्ये तिचं सरबताचं काउंटर केलं. बाबांना हे कळलं. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी धड बोललेच नाहीत.

होडीची एक फळी तेवढी पडवीत उरली होती. अलिबागच्या संग्रहालयात जुन्या होड्यांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार असं कळलं आणि बाबांनी ती फळी आईकडून मागून घेतली. डाव्या हाताने, पाच महिने खपून, त्यांनी हातभर लांबीची होडी केली. शीड, सुकाणू, सगळं. मला वाटलं, ही एकदा काचेच्या पेटीत बसली की माझं पाप थोडं तरी धुतलं जाईल.

होडी पोचवायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती आणि बाबा अडून बसले. "पान्याला लावल्याबिगर ती होडी न्हाय. खेलनं हाय."

मग आईने होडीला हळदकुंकू लावलं, नारळ घेतला आणि आमची वरात खाडीवर निघाली. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाणी काठोकाठ दिसत होतं.

"आज तिथ कंची?" बाबांनी विचारलं.

"रविवार," मी म्हणालो.

बाबांनी डोळे मिटले. आमच्याकडे शेंबडं पोरही तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगतं. त्या दिवशी अमावास्येनंतरची बीज होती; दीडलाच भरती संपली होती आणि घड्याळात अडीच वाजले होते. बाबा "थांब" म्हणाले. संग्रहालय पाचला बंद होणार होतं, म्हणून मी थांबलो नाही.

होडी सुरेख तरंगली. दोरी माझ्या हातात होती. पण फोटोला दोन हात लागतात, म्हणून मी दोरी पायाखाली धरली. मग बाबाही फोटोत यावेत म्हणून एक पाऊल मागे सरकलो. (फोटो मात्र छान आलाय. त्यात होडी निघालेली स्पष्ट दिसते.)

बिजेची ओहोटी ती, पाणी जोरात ओढणारी; होडी सुसाट सुटली. मी मागे धावलो आणि चौथ्या पावलाला कमरेपर्यंत चिखलात रुतलो. मासळी सुकवणाऱ्या बायकांनी फळ्या टाकून, दोर लावून मला बाहेर ओढलं. तोवर होडी खाडीच्या तोंडाबाहेर, ठिपक्याएवढी. त्या चिखलात मी लहान मुलासारखा रडलो. बाबा माझ्याकडे नाही, ठिपक्याकडे बघत होते.

प्रदर्शनात पाटी आधीच छापलेली होती. बाबांचं नाव, होडीचं नाव आणि वर रिकामा स्टँड. तरी बाबा हट्टाने आले आणि स्टँडशेजारी चाकाच्या खुर्चीत बसून राहिले. एका बाईंनी विचारलं, "काका, होडी कुठंय?"

"दर्याला गेलीय," बाबा म्हणाले. मग डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "नांगर तेवढा इसरून गेली."

आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. माझ्याकडे बघून.

दोन महिन्यांनी बाबा गेले. दहाव्याला पिंडाजवळ कावळा लवकर येईना, तेव्हा माझे काका मोठ्याने म्हणाले, "नांगराला जरा बाजूला करा." तेव्हापासून अख्खा कोळीवाडा मला नांगरच म्हणतो. तक्रार नाही. बाबांनीच ठेवलेलं नाव आहे, आणि आधी ठेवलेल्यापेक्षा हे मला जास्त शोभतं. आधी त्यांनी माझं नाव सागर ठेवलं होतं.