मेलेल्या बैलाची जिवंत नळी

ज्या वर्षांत कापसानं सगळ्यांचाच दम काढला होता, त्या वर्षांत मी यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत बैलाच्या श्वासनळीचे तुकडे जिवंत ठेवायचं काम करत होतो. हे काम सांगायला बरं वाटतं, करायला नाही. मेलेल्या जनावराची नळी ताजी असतानाच काढायची, बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं आणायची, तिच्या चकत्या करायच्या आणि पोषक द्रवात उबदार ठेवायच्या. नळीला आतून बारीक लव असते. जनावर गेलं तरी ती काही दिवस हलत राहते, आतली धूळ वर ढकलत राहते. त्या चकत्यांवर खोकल्याच्या रोगाचे जंतू सोडायचे आणि ते ही लव कशी बंद पाडतात ते बघायचं. म्हणजे पुढेमागे औषधं आधी तिथे तपासता येतील, जित्या बैलाला छळावं लागणार नाही. पण भारनियमन आलं की उबेची पेटी थंड पडायची आणि वीज टिकली तर बुरशी यायची. पुन्हा डबा, पुन्हा एसटी. मी विटलो होतो.

त्यात आम्हाला निरोगी नळी हवी असायची. खोकून मेलेला बैल चालायचा नाही, साप चावून मेलेला पाहिजे. म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रडारड सुरू झाली की मी डबा घेऊन दारात हजर.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की लॅबमध्ये आहे. वडील घाटंजीला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं त्यांची मजुरी बंद केली, तरी त्यांनी त्या दोरीला पुन्हा हात लावला नाही. ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगितली जायची की लहानपणी मला तिचा कंटाळा यायचा.

एकदा पेरणीच्या तोंडावर महागावकडच्या एका गावातून आमची लॅब चालवणाऱ्या सरांना निरोप आला. गोठ्यातच साप चावून बैल मेला होता. मी पोचलो तेव्हा मालक, माझ्याच वयाचा माणूस, "या सायब, बसा" म्हणाला. चहा आला. मग त्यानं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "तू आलाच हाय तं पयले हे नाल्याकडं ओढून टाक. मंग काढ तुले काय काढाचं ते."

साहेबाचा तू व्हायला एक आडनाव पुरलं. मी कप खाली ठेवला आणि सरांना फोन लावला.

"अरे, एक दोरी ओढलीस तर काय बिघडतं?" सर म्हणाले. "ही नळी गेली तर काम बंद होईल आपलं." सर मनानं चांगले होते, म्हणूनच जास्त राग आला. खरं तर त्यांचंही चुकत नव्हतं. आधीच्या साऱ्या चकत्या बुरशीनं खाल्ल्या होत्या आणि काम बंद पडलं तर माझी नोकरीही जाणार होती.

"मी नळी काढतो," मी मालकाला सांगितलं. "ढोर ओढत नाई." आणि रिकामा डबा उचलून चालू लागलो. राग होताच, पण त्याहून जास्त थकवा होता.

वेशीजवळ पोचलो तर मागून मालकाची हाक आली. त्या गावात आता ओढणारं कुणीच उरलं नव्हतं, आणि गोठ्यातला दुसरा बैल खोकत होता; नळी खोकल्याच्या औषधासाठी लागते हे त्याला माहीत होतं. मालकानं भावाला बोलावलं, दोघांनी मिळून दोरी बांधली. ओढताना मालक रडत होता. नाल्याजवळ मी नळी काढली.

"याच्यानं माह्या दुसऱ्या बैलाचं काई भलं होईन का?" त्यानं विचारलं.

"यंदा नाई. डॉक्टरले आजच बोलवा."

त्यानं मान हलवली. खोटं बोलायला पाहिजे होतं का, ते मला अजून कळत नाही.

गोष्ट घाटंजीला पोचली ती उलटी होऊन. बाजारात कुणीतरी वडिलांना म्हणालं, "तुमचं पोरगं शिकूनसवरून ढोरं ओढून राह्यलं." दुसऱ्या दिवशी वडील कामाला गेले नाहीत. धुतलेला सदरा घालून थेट लॅबमध्ये आले. मी गडबडलो, चकती सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि म्हणालो, "पाहा बाबा, अजून हालते."

ते वाकले नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"बैलाची हाये?"

"हो."

"मेलेल्या?"

"हो."

"कोनं ओढला?"

"मालकानं. मी दोरीले हात नाई लावला."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि वाकत म्हणाले, "मंग दाव."