जळकोटचा हॉर्न

सोलापुरात माझं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. त्याआधी मी स्टँडवर चादर पसरून कॅसेटी विकायचो. जास्त खपायच्या त्या जळकोटच्या 'चौंडकं कॅसेट्स'च्या, देवीच्या गाण्यांच्या. कंपनीचा मालक, रेकॉर्डिंगवाला आणि हमाल एकच, शाळेतले दिगंबर गुरुजी. परवा त्यांचा फोन आला, "सगळी गाणी इंटरनेटवर टाकायचीत. पहिल्या गाण्यातला हॉर्न तेवढा काढता येईल का?"

लॅपटॉप उचलला आणि निघालो. हैदराबाद रस्ता झकास आहे. नळदुर्गला थांबून सुशीला खा. चुरमुऱ्यांचा असला तरी दुपारपर्यंत भूक लागत नाही. सातला निघालात तर नाश्ता धरून नऊला जळकोट.

स्टुडिओ म्हणजे गुरुजींची पुढची खोली. खिडक्यांना गोधड्या बांधायच्या, गुरुजींच्या मंडळींनी माळवदावर उभं राहायचं, ट्रक दिसेनासा झाला की पदर हलवायचा, मग गाणं सुरू.

"त्या दिवशी रस्ता साफ मोकळा होता," गुरुजी म्हणाले, "तरी आला हॉर्न. कौसाबाईंचा आवाज असा लागला होता की पुन्हा गा म्हणवेना. आता कॅसेटीवरनं शिकलेले मेळे तिथं थांबून तोंडानं पों करतात. मला तोंड लपवावंसं वाटतं हो."

अर्ध्या तासात हॉर्न काढला. गुरुजींचा चेहरा उजळला. राहिली कौसाबाईंची परवानगी, म्हणून गुरुजींना घेऊन लोहाऱ्यावरून सास्तूर गाठलं. वाटेत बैलगाड्यांना घाई करू नका, उपयोग होत नाही.

भूकंपानंतर बांधलेल्या घराच्या ओट्यावर कौसाबाई शेंगा फोडत होत्या. शेजारी बाजेवर त्यांचे मालक आडवे झालेले. मी गाणं लावलं. संपल्यावर त्या म्हणाल्या, "हॉर्न कुठाय?"

"काढला," गुरुजी ऐटीत म्हणाले.

"मग माझं नाव बी काढा."

"अहो, कुठल्या मेल्या ट्रकवाल्यानं…"

"ट्रकवाला न्हाय, ह्यांनी वाजवला व्हता. मागल्या बोळात जीप घेऊन थांबले व्हते. घरी म्हशी धारेला खोळंबल्या व्हत्या."

इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो माणूस गुरुजींसमोर बाजेवर होता. गुरुजींनी हात जोडले. मालकांनीही जोडले.

"त्यांना आता ऐकू येत न्हाय," कौसाबाई म्हणाल्या. "माझं गाणं तर न्हायच. हॉर्न तेवढा येतो."

मी मूळ गाणं लावलं, आवाज पुरा सोडला. मालक छताकडं बघत पडून होते. हॉर्न आला तसे ते कोपरावर उठले.

"कौसे, तुझं गाणं लागलंय की."

त्या शेंगा फोडत राहिल्या. गुरुजींनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. परतताना गाडीत म्हणाले, "राहू द्या तो हॉर्न." जळकोट जवळ आल्यावर परत म्हणाले, "जरा मोठा करता येतो का बघा."

खर्च विचाराल तर डिझेल, नाश्ता आणि चार चहा. कौसाबाईंनी पिशवीभर शेंगा दिल्या, त्या वेगळ्या.

घरी आल्यावर जेवताना साफ केलेलं गाणं एकदा लावलं. माझंच काम, चांगलं झालं होतं. ती जागा आली आणि गेली, काहीच वाजलं नाही. बायकोनं भाकरी थापता थापता मान न वळवता म्हटलं, "पों."


फाइल पुसून टाकली.