पडलेल्यांची विचारपूस

पाठीने दगा दिला नसता, तर सिस्टर अजून अपघात विभागातच असत्या. एका दुपारी वॉर्डात हाताशी कुणी नव्हतं आणि अंगाने चांगल्या भारी असलेल्या एका पेशंटला कुशीवर वळवायचं होतं. त्यांनी एकटीने वळवलं. पेशंट वळला, पण सिस्टरना काही सरळ होता येईना. त्यांनी कित्येक महिने अंथरुणावर काढले. मग हॉस्पिटलने त्यांना बसून करायचं काम दिलं. मोठे डॉक्टर जखमी माणसांचा अभ्यास करत होते. घरी गेल्यावर कोण पुन्हा उभं राहतं, कोण राहत नाही आणि का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्या सगळ्यांना अधूनमधून फोन करून तेच ते प्रश्न विचारायचे. वॉर्डातल्या मुली त्यांना फोनवाल्या सिस्टर म्हणू लागल्या.

जिन्याखालची खोली, एक टेबल, आणि धुलाईच्या मशिनींकडे उघडणारी खिडकी. आंघोळ स्वतः करता का? जिना चढता येतो का? झोप लागते का? कामावर गेलात का? कुणी रडायचं, कुणी वैतागून फोन आपटायचं, तर कुणी नुसतं "ते गेले हो" म्हणायचं. सिस्टर तेवढं टिपून पुढचा नंबर लावायच्या. घरी आल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. नवरा म्हणायचा, "साऱ्या जगाची चौकशी करून आलीस, आता माझीही कर की." त्या हसायच्या, पण ते हसू उसनं असायचं.

या यादीत एक रंगारी होता. इमारत रंगवताना तो परांचीवरून खाली आला होता. कमरेचं हाड मोडलं होतं, एक पाय अजून भार घेत नव्हता. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "झकास!" आंघोळ? झकास. झोप? झकास. एकदा मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "स्वतः आंघोळ करतो म्हणे! मग रोज सकाळी मी कुणाला न्हाऊ घालते?" रंगाऱ्याने घाईघाईने फोन ठेवून दिला.

पुढच्या खेपेला फोन तिनेच उचलला. तो झोपला होता. घरच्यांनी उत्तरं दिली तरी चालायचं, म्हणून सिस्टरनी तिलाच प्रश्न विचारले. बोलताना ती मध्येच थांबत होती, श्वास धरत होती. ते धरणं सिस्टरना ओळखीचं वाटलं. प्रश्न संपल्यावर यादीत नसलेला प्रश्न त्यांच्या तोंडून निघून गेला.

"आणि तुम्ही कशा आहात?"

"माझं काय? मी कुठे पडले होते?"

 मग तिने हळू आवाजात सांगितलं, की त्याला उचलून उचलून कंबर धरली आहे, कळ पायात उतरते आणि आताशा अंगठा बधिर असतो. सिस्टरनी तिला लगेच येऊन दाखवायला सांगितलं. मग नवऱ्यापाशी कोण बसणार, असं तिने विचारलं. 

सुट्टीच्या दिवशी सिस्टर स्वतःच तिच्या घरी गेल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून दम घ्यावा लागला. रंगारी आडव्या अंगाचा गडी, बायको चिमणीएवढी. सिस्टरनी पलंगावरून खुर्चीवर सरकायची गुळगुळीत फळी आणली होती. ती कशी लावायची ते दाखवलं, रंगाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्याला सांगितलं, की हात धडधाकट आहेत, जोर तुम्हीच लावायचा. तो सरकला. घामाघूम झाला, पण सरकला.

बायको पाणी आणायला आत गेली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी फोनवर बोलतो तेव्हा ती ऐकत असते हो. माझ्यामुळे आधीच मेटाकुटीला आलीय. तिच्या देखत मला काही जमत नाही असं कसं म्हणू?"

सोमवारी सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. 

"सिस्टर, मोजणाराच इलाज करायला लागला तर त्या मोजण्याला अर्थ काय राहिला?"

"बरोबर आहे तुमचं. पण ऐकून गप्प बसवलं नाही मला."

रंगाऱ्याला अभ्यासातून वगळावं लागलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला मात्र तपासायला बोलावलं; त्या वेळेपुरत्या सिस्टर रंगाऱ्यापाशी जाऊन बसल्या. पुढचा अभ्यास आखताना डॉक्टरांनी घरच्यांसाठीही एक प्रश्न घातला. सिस्टरनी सुचवलं होतं, "तुमची कंबर कशी आहे?" छापून आलं, "काळजी घेणाऱ्या व्यक्तीस शारीरिक त्रास होतो का?" सिस्टर आधी छापलेलं वाचतात आणि मग माणसासारखं विचारतात.

रंगारी आता एका दुकानात बसून रंग कालवून देतो. बायकोची कळ गेली, अंगठा मात्र बधिरच राहिला. ती अधूनमधून संध्याकाळी सिस्टरना फोन करते, काही काम नसताना. सिस्टर चपला काढून नुकत्याच टेकलेल्या असतात. कधीकधी त्या वाजणाऱ्या फोनकडे नुसत्या बघत राहतात, उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपणहून तिला फोन लावतात.