अर्ध्या वाटेवरून सिंहगड

रविवारी सकाळी स्वारगेटहून सिंहगडाची बस धरली तेव्हा बरोबर राघोकाका होते. मॉरिशसचे मराठी, निवृत्त शिक्षक, हिंजवडीतल्या माझ्या सहकाऱ्याचे मामा. सहा महिन्यांपूर्वी पुण्यात बायपास करून गेलेले, आता तपासणीला आलेले. डॉक्टरांनी अर्धा गड, तोही सावकाश, एवढी परवानगी दिली होती. त्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे.

पायथ्याला आतकरवाडीत मी घड्याळ लावलं. दर रविवारी गड चढणाऱ्या आम्हां पुणेकरांची ही रीत. वर भेटलं की नमस्काराआधी मिनिटं विचारायची. माझी बेचाळीस, तीही सत्तेचाळिसाव्या वर्षी! काका मात्र वळणावळणावर थांबून खडकवासल्याचं पाणी बघत होते. मध्येच त्यांनी डबा उघडून फराटा (तिकडची पोळीच, जरा जाड) पुढे केला. मी घड्याळाकडे बघत नको म्हटलं.

ताकवाल्या मावशींपाशी पोचलो तेव्हा माझा डावा खांदा ठणकत होता. सॅकचा पट्टा काचला असेल म्हणून मी तो चोळत राहिलो.

"सायेब, वारं गार हाय आन् तुमी घामानं निथळताय. बसा जरा."

"मावशी, ताक द्या. सल्ला नको."

काका माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम दगडावर बसले. "मला जमत नाही हो. खाली जाऊ."

माझं डोकंच फिरलं. "झेपत नव्हतं तर आलात कशाला?" असं बोलूनही गेलो. उतरताना ते दर दहा पावलांवर बसायचे, मलाही बसवायचे. खाली आल्यावर गाडी केली आणि त्यांना थेट रुग्णालयात नेलं. तिथे त्यांनी मलाच पुढे ढकललं. "आधी यांना बघा."

माझी एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. दुपारीच स्टेंट बसवला.

मी घरी परतल्यावर काका निरोप घ्यायला आले. मान वर करून बोलायची मला लाज वाटत होती.

"तुम्ही दमला नव्हतात ना?"

"नाही हो. अजून चाललो असतो."

"मग मला सरळ सांगायचं होतंत."

"माझ्या धाकट्या भावाला सरळच सांगितलं होतं," काका म्हणाले. "तो हसला आणि पुढे चालत राहिला."