ग्रीक बायकोचं आंघोळीचं पाणी

दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सप्टेंबरातही नळाला चहा करता येईल इतकं गरम पाणी यायचं. टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात. म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत ते पाणी अंगावर घेण्याजोगं होई. गावाकडे मी नवऱ्यासाठी पाणी तापवायचे, इथे निववायचे. परदेशात येऊन माझी प्रगती काय ती एवढीच.

त्या गुरुवारी ह्यांना खोर फक्कानला जायचं होतं. हे दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजावर दुरुस्ती होती, छोट्या बोटीने जायचं. बरोबर ह्यांचा वेल्डर, साताऱ्याकडचा, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवणारा. आपलं वर्षाचं मूल त्याने फक्त फोटोत पाहिलेलं.

‘‘यल्ला, जातो!’’ हे म्हणाले.

‘‘अहो, जातो काय? येतो म्हणा.’’

‘‘बोट सुटेल. येतो-जातो खलास!’’

वेल्डर जिन्यातून हसला. ‘‘वैनी, सायबांचंबी मीच म्हनतो. येतो!’’

मी बी.ए. झालेली बाई. असल्या गोष्टी मी मानत नाही, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते. न मानणाऱ्याला इतकं सांगावं लागत नाही.

दुपारी मुलगी शाळेतून आली. तिला ग्रीक महाकाव्यांतल्या बायकांवर निबंध लिहायचा होता.

‘‘करतात काय गं त्या?’’

‘‘दे वेट, मम्मी. दे वीव्ह. अँड दे क्राय अ लॉट.’’

एकीवरून म्हणे दहा वर्षं लढाई चालली. तिला कुणी विचारलं होतं का, म्हटलं. ‘‘नॉट रिअली.’’ दुसरी दिवसा विणायची आणि रात्री उसवायची, नको असलेली लग्नं टाळायला. मीही विणलेलं उसवतेच, पण ते टाके चुकतात म्हणून.

मग ती आणखी एकीबद्दल वाचू लागली. हिचा नवरा तटाबाहेर लढतोय. ही आत मागावर कापडात फुलं विणत बसलीये. दासींना सांगते, मोठं भांडं चढवा चुलीवर, ते आले की आंघोळीला गरम पाणी हवं.

‘‘बट ही इज ऑलरेडी डेड, मम्मी. शी डझंट नो.’’

माझा हात तेव्हा बादलीत होता, पाणी निवलं का बघायला. छान निवलं होतं. हात बाहेर काढवेना. काढला तर काहीतरी नक्की होऊन जाईल, असं काहीसं वाटलं.

‘‘अगं, तिला कुणी सांगत का नाही?’’

मी इतक्या जोरात ओरडले की मुलगी दचकली. ‘‘इट्स ओन्ली अ पोएम!’’

हे चारला येणार होते. पाच वाजले. साडेपाचला वर्कशॉपला फोन लावला. स्टोअरकीपर म्हणाला, ‘‘भाभीजी, अभी कुछ मालूम नहीं. इन्शाल्ला सब ठीक.’’ इन्शाल्ला मी इथे रोज ऐकायचे, व्हिसापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत. पण ‘कुछ मालूम नहीं’च्या पाठीमागून आलेलं ते पहिलंच.

सातला कडी वाजली. दारात हे. शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ. जिन्यात मागे कुणी नव्हतं.

‘‘शिडीवरून पाय सुटला त्याचा,’’ हे म्हणाले. ‘‘बोट आणि जहाजाच्या मध्ये.’’ मग दारातच बसून बूट सोडू लागले.

माझ्या मनात त्या क्षणी पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. चला, आपला आला.

तो गेल्याचं कंपनीचा माणूस सकाळी गावी कळवणार होता, हिंदीत. वेल्डरच्या बायकोला हिंदी येत नव्हतं. ‘‘तू सांग,’’ हे म्हणाले. ‘‘मला नाही जमणार.’’

तिच्या गावातल्या वाणसामानाच्या दुकानात फोन होता. निरोप गेला. दहा मिनिटांनी मी पुन्हा लावला, तर ती धावत आलेली, दम लागलेला. मी मनात दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. तिने ती काढूच दिली नाहीत.

‘‘वैनी? बरं झालं फोन केला! त्यांना द्या की जरा. का अजून कामावरच हायत?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘कामावरच आहेत.’’