औक्षणाचा मान

आज माझ्या लेकीच्या वाढदिवसाला मोठ्या जाऊबाई तिला ओवाळत होत्या आणि तबक धरलेला त्यांचा हात थरथरत होता. मी ते डोळे भरून पाहिलं.

लेक लहान असताना तिला दुसऱ्या मुलाचं हृदय बसवायचं ठरलं, तेव्हा याच म्हणाल्या होत्या, "परक्याचं काळीज कितीसं टिकणार? कशाला त्या पोरीचे हाल करता?" तेव्हापासून औक्षणाचा मान मी दरवर्षी त्यांनाच देते. त्याच तोंडाने "शंभर वर्षांची हो" म्हणायला लावते. लोकांना माझं मन मोठं वाटतं.

मध्येच गजर वाजला. लेकीने पाटावर बसूनच गोळ्या घेतल्या. त्या जन्मभराच्या आहेत, आणि तरीही हे हृदय कधीतरी थकेल, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. ज्या आईच्या मुलाचं हे हृदय, जिच्या घरी असाच पाट रिकामा राहिला, तिच्यापुढे माझी मान कायम खाली आहे. जाऊबाईंपुढे कधीच नाही.

"हात भरून येतो गं आता," तबक ठेवत त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तूच ओवाळ."

"पुढच्या वर्षीही तुम्हीच," मी म्हणाले. म्हणाले सूडानेच, पण देवाकडे मागणं मागावं तसा माझा आवाज निघाला.