आधी नाव, मग बूट

बेल दाबली आणि सानियाला नियम परत सांगितला. आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग बूट काढायचे. परत पाठवणार असतील तर बूट पुन्हा घालायचा त्रास वाचतो.

मी धाराशिवातल्या एका लॅबचा टेक्निशियन. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो, सव्वीस वर्षं झाली. सानिया माझी मुलगी, सतरा वर्षांची. तिलाही हेच काम शिकायचंय, म्हणून सुट्टीत सोबत नेत होतो. सुई धरायला कॉलेज शिकवेल. दारात उभं राहायला कोण शिकवणार?

पेशंटच्या मुलानं दार उघडलं. "युनूस शेख, लॅबमधून," मी म्हणालो. त्यानं ओळखपत्र मागितलं, उलटंपालटं करून पाहिलं, मग आमच्या सरांना फोन लावला. दुसरं कुणी न्हाय का, असं विचारत होता. आम्ही उन्हात उभे. सानियाचा चेहरा लाल झाला. मलाही लई राग आला होता, पण मी हसत होतो. हसायचं, हाही नियमच आहे.

शेवटी "जा आत" म्हणाला आणि स्वतः फोनवर बोलत बाहेरच थांबला. मला हायसं वाटलं. कॉटवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला, मी पट्टा बांधून रक्त घेतलं. ट्यूबवर डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं नाव लिहिलं, शांताबाई.

"अब्बा, तुम्ही नाव विचारलंच नाही," सानिया हळूच म्हणाली.

पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं, मगच सुई लावायची. आमच्या कामाची सुरुवातच तिथून होते. मग तिनंच आजींना नाव विचारलं.

"गोदाबाई. जाऊबाईला बघायला येडशीहून आलेय. मला वाटलं, समद्यांचंच तपासत्यात."

शांताबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांचं इन्सुलिन या रिपोर्टवर ठरणार होतं. ट्यूब बाद केली, गोदाबाईंची माफी मागितली, आत जाऊन नाव विचारून रक्त घेतलं. सरांना मीच फोन करून चूक सांगितली. "युनूसभाई, तुम्ही?" एवढंच ते म्हणाले. पोरीपुढं मान खाली गेली.

बाहेर आल्यावर सानिया म्हणाली, "आपलं नाव सांगायच्या नादात तुम्ही त्यांचं विसरलात. पुढची बेल मी वाजवते."

पुढच्या घरी तिनं आधी पेशंटचं पूर्ण नाव विचारलं. दारातला माणूस स्वतःच पेशंट होता, त्यानं ते वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग ती म्हणाली, "मी सानिया युनूस शेख." तो जरा थांबला, मग बाजूला झाला.

आता मीही तसंच करतो. बूट मात्र अजून सगळ्यात शेवटी काढतो.